फिनिक्स ते कनॅब, दोन दिवस, नऊ फटफट्या: ऑक्टोबरातल्या राईडचा बेत तपासून द्या

वाळवंटी_उंट
मंडळी, गणपतीच्या आरतीनंतर पार्किंगमध्ये उभ्या उभ्या हा बेत शिजला. नऊ जण हो म्हणालेत, म्हणजे सहा येतील असं धरून चाललोय. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार-रविवार.
शनिवारी पहाटे पाचला फिनिक्स सोडायचं. फ्लॅगस्टाफ, कॅमेरॉन, मार्बल कॅन्यनचा नाव्हाहो पूल, मग ८९-ए वरून वर्मिलियन क्लिफ्सच्या पायथ्याने जेकब लेक आणि मुक्कामाला युटातलं कनॅब. साधारण साडेतीनशे मैल. रविवारी सकाळी झायन राष्ट्रीय उद्यानातला बोगदा करून परत कनॅब, तिथून पेज, हॉर्सशू बेंड, ग्लेन कॅन्यन धरण बघून फ्लॅगस्टाफमार्गे रात्री घरी. ते सव्वाचारशे-साडेचारशे होईल.
गाड्या: दोन हार्ले, एक जीएस, एक हिमालयन, एक रेबेल, बाकीचे अजून ठरवतायत. बायका-मुलं मागून व्हॅनमधून येतील, बर्फाची पेटी आणि खाणं त्यांच्याकडे.
मी हा रस्ता कारने तीनदा केलाय, बाईकवर कधीच नाही. काय राहतंय ते सांगा.

आगाऊ
काय राहतंय? सोमवारी ऑफिसला जाण्याची ताकद राहतेय.

नाना_टेंपेकर
उंटराव, शनिवारचं जमेल. रविवारचं नाही जमणार. सव्वाचारशे मैल कारमध्ये एसी लावून आणि सव्वाचारशे मैल बाईकवर नऊ जणांनी, यात जमीनअस्मानाचा फरक आहे. एकट्याला पेट्रोल भरायला सात मिनिटं लागतात. नऊ जणांना पाऊण तास. कारण एकाला लघवीला जायचं असतं, तो आला की दुसऱ्याला आठवतं, तिसरा हातमोजा शोधत असतो आणि चौथ्याने तेवढ्यात कॉफी मागवलेली असते. असे पाच थांबे मोजा.
शिवाय रविवारी संध्याकाळी फ्लॅगस्टाफहून खाली उतरणाऱ्या आय-१७ वर अख्खं फिनिक्स असतं. थंडीला कंटाळून नाही, थंडी खाऊन परतणारं. दिवसभर दमलेल्या माणसाने सात हजार फुटांवरून अकराशे फुटांवर त्या गर्दीत, अंधारात उतरायचं, हे मला तरी पटत नाही.

रेबेलवाली
"बायका-मुलं मागून व्हॅनमधून येतील."
त्या यादीतली रेबेल माझी आहे. बाकी चालू द्या.

आगाऊ
(पॉपकॉर्न घेऊन बसलो)

वाळवंटी_उंट
अहो, म्हणजे ज्या चालवत नाहीत त्या, असं म्हणायचं होतं. घाईत लिहिलं. माफी.

रेबेलवाली
मग "जे चालवत नाहीत ते" लिहा. आमच्याकडे न चालवणारा नवरा आहे. व्हॅन तो आणेल. पण त्याला फोटोंचा नाद आहे, वर्मिलियन क्लिफ्सच्या खाली दर दोन मैलांवर गाडी बाजूला घेईल. बर्फाच्या पेटीची घाई असणाऱ्यांनी आधीच विचार करावा.

कोयनाकाठ
तो नाद योग्य जागी आहे :) पूल ओलांडल्यावर उजव्या हाताला जी तांबडी भिंत सुरू होते ती जवळजवळ तीन हजार फूट उंच आहे आणि मैलोनमैल सोबत करते. आपल्याकडे सह्याद्रीत कडा बघायचा तर मान वर करायची आणि ढग असले तर नशिबाला दोष द्यायचा. इथे आडपडदाच नाही. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थर, काळा बसाल्ट. हा वालुकाश्म आणि चिखलाचा दगड, थरांवर थर. खालचे मऊ थर झिजतात आणि वरचे तुकडे सुटून घरंगळत येतात, त्यामुळे रस्त्याच्या कडेला दगडी छत्र्या उभ्या दिसतात. एका ठिकाणी तर अशाच घरंगळलेल्या धोंड्यांना टेकवून कुणीतरी दगडी खोल्या बांधलेल्या आहेत. तिथे थांबा. भिंतीला हात लावला तर दुपारी चारलाही तव्यासारखी गरम असते.
पुलावरही अर्धा तास ठेवा. दोन पूल शेजारीशेजारी आहेत. जुना १९२९ चा, आता फक्त पायी चालायला, आणि १९९५ चा नवा गाड्यांसाठी. जुन्यावरून खाली कोलोरॅडो नदी ४६७ फूट. पूल व्हायच्या आधी वरच्या अंगाला लीज फेरीला तराफा चालायचा. तो १९२८ मध्ये बुडाला, तीन माणसं गेली, आणि पूल तर अजून अर्धवट. पलीकडच्या काठावर सामान न्यायला मग आठशे मैलांचा वळसा पडायचा. आज आपण तिथे चाळीस सेकंदांत पलीकडे जातो आणि हेल्मेटमध्ये गाणं ऐकत असतो.
नशीब असेल तर कॅलिफोर्निया कॉन्डॉर पुलाच्या लोखंडावर बसलेले दिसतात. पंखांवर नंबराचे बिल्ले असतात. १९९६ पासून वर्मिलियन क्लिफ्सला त्यांना सोडायला सुरुवात झाली.

ताम्हिणी
पुण्याहून वाचतोय, जळतोय. वाचनखूण साठवली.

बुलेटप्रूफ
दोन हार्लेंपैकी एक माझी. फॉर्टी-एट. सीट वगैरे मस्त, मला काही अडचण दिसत नाही. पाच वाजता हजर.

नाना_टेंपेकर
बुलेटप्रूफ, तुमच्या टाकीत २.१ गॅलन पेट्रोल मावतं. कॅमेरॉन ते जेकब लेक एकशेदहा मैलांच्या वर आहे, त्यातले शेवटचे बरेचसे चढाचे. तुम्हाला अडचण दिसत नाही कारण ती अजून शंभराव्या मैलावर उभी आहे.

बुलेटप्रूफ
मधे पंप नाहीत?

नाना_टेंपेकर
आहेत एकदोन. पण "आहे" आणि "तुम्ही पोहोचाल तेव्हा उघडा आहे" यात फरक असतो. कॅमेरॉनला काठोकाठ भरा, पुढे दिसेल त्या पंपाला थांबा, अर्धी टाकी असली तरी. गटाचा नियम एकच: सगळ्यात छोट्या टाकीच्या हिशोबाने सगळे थांबतात. व्हॅनमध्ये एक गॅलनचा नीट झाकणाचा डबाही ठेवा, माणसं बसतात त्या भागापासून लांब.
युटामध्ये पंपावर ८५ ऑक्टेन दिसेल, तेच तिथलं रेग्युलर. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जास्त सांगितलं असेल तर वरचं बटण दाबा, चार पैसे जातील.

फटफटी
ऑक्टोबर आहे म्हणून उन्हाबद्दल कुणी बोलत नाहीये, म्हणून लिहितो.
तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही चौघं पेजहून परत येत होतो. पाणी होतं, पण पाठीवरच्या पिशवीतलं पाणी चहासारखं झालं होतं, त्यामुळे कुणी पीत नव्हतं. सगळ्यांची जाळीची जॅकेटं, चेन उघड्या, "वारा लागतोय ना" म्हणून खूश. आमच्यातला एक, त्याला दादा म्हणतो, मधूनच इंडिकेटर लावायचा आणि वळायचाच नाही. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मी शेजारी जाऊन पाहिलं तर तो समोर बघत होता पण कुठेच बघत नव्हता. थांबवलं. हेल्मेट काढलं तर कपाळ कोरडं. त्या उन्हात घाम नाही! विचारलं, दादा कुठे आहोत आपण? म्हणाला, खंबाटकी उतरलो का?
एका पिकअपवाल्या नाव्हाहो बाईने आम्हाला बघून गाडी थांबवली. एसी लावून दादाला आत बसवलं आणि मानेवर, काखेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. आमच्याआधी तिनेच ९११ ला फोन लावला होता. दादा ठीक आहे आता. पण बाईक विकली त्याने.
तेव्हा एक कळलं. हवा अंगापेक्षा गरम असली की वारा तुम्हाला थंड करत नाही, भाजतो. हेअर ड्रायर तोंडावर धरल्यासारखं. तेव्हा चेन बंद करायची, आतला शर्ट पाण्यात पिळून घालायचा आणि वारा बाह्यांमधून थोडाच येऊ द्यायचा. ऑक्टोबरात फिनिक्सला दुपारी ३२-३३ डिग्री असतं, तितकं वाईट नाही. पण तहान लागायची वाट बघू नका. आणि "चल रे, अजून चाळीसच मैल" हे वाक्य कुणी म्हणालं की तिथेच थांबा.

दशमी
बापरे. वाचून घशाला कोरड पडली.
नुसतं पाणी पिऊ नका, मीठही जातं. कोकमाचा आगळ, मीठ, साखर आणि चिमूटभर जिरेपूड घालून थर्मासात न्या. सोबत धपाटे. तीन दिवस टिकतात आणि हँडलला टेकूनही खाता येतात. दही मात्र व्हॅनमध्ये.

आगाऊ
आला, आला, धागा स्वयंपाकघरात आला. तेहेतिसाव्या प्रतिसादापर्यंत थालीपीठ की धपाटे यावर मारामारी होणार.

दशमी
थालीपीठ गरमच खायचं असतं. संपली मारामारी.

मेसाकाका
खाण्यावरून आठवलं, कॅमेरॉनच्या ट्रेडिंग पोस्टला नाव्हाहो टाको मिळतो. १९१६ पासूनचं ठिकाण. तळलेल्या जाड भाकरीवर बीन्स, सॅलड, चीज. शाकाहारी सांगितलं तर मांस काढून देतात. भटुऱ्यावर राजमा वाढल्यासारखं लागतं. एक दोघांत मागवा, नाहीतर पुढचे शंभर मैल डोळे मिटतील. जेकब लेकला बेकरीतल्या कुकीज.
आणि एक महत्त्वाचं. नाव्हाहो नेशनमध्ये, म्हणजे नाव्हाहो आदिवासींच्या स्वायत्त मुलखात, दारूबंदी आहे. विकणं, पिणं, जवळ बाळगणं सगळं बंद. व्हॅनच्या पेटीत "मुक्कामासाठी फक्त" म्हणून जे ठेवणार असाल ते ठेवू नका. कनॅबला गेल्यावर बघा. लोकांच्या घरांचे, माणसांचे न विचारता फोटोही काढू नका. आपल्या गावात कुणी येऊन आजीचा फोटो काढला तर चालेल का?

कोयनाकाठ
अनुमोदन. शिवाय घड्याळाचं बघा. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नाव्हाहो नेशन करतं, युटाही करतं. म्हणजे फ्लॅगस्टाफला दहा वाजले असतील तर कॅमेरॉनला अकरा. मार्बल कॅन्यनचा पूल ओलांडला की पुन्हा एक तास मागे, कारण तिथे नदी हीच नाव्हाहो नेशनची हद्द आहे. कनॅबला पोहोचलात की पुन्हा एक तास पुढे. दुसऱ्या दिवशी पेजला आलात की परत मागे. मोबाईल कुठला टॉवर पकडेल तसं सांगतो.

वाळवंटी_उंट
हे मला माहीतच नव्हतं. मागच्या वेळी पेजला आमची बोटीची वेळ चुकली होती आणि मी बायकोला जबाबदार धरलं होतं.

आगाऊ
ती हा धागा वाचतेय का?

वाळवंटी_उंट
आता वाचेल.

फटफटी
नऊ जण एकत्र कसे चालवणार हे ठरवलंय का? सरळ रस्त्यावर डावी-उजवी अशी आडवीतिडवी रांग, थेट पुढच्यापासून निदान दोन सेकंद. वळणं सुरू झाली की एकामागोमाग एक, आणि अंतर वाढवायचं. जेकब लेकचा चढ आणि पलीकडचा उतार, दोन्हीकडे हेच. पुढे रस्ता माहीत असलेला, शेवटी सगळ्यात अनुभवी. आणि पुढच्याच्या लगेच मागे सगळ्यात नवखा. नवख्याला शेवटी ठेवलं की तो पकडापकडी खेळायला लागतो आणि वळणात सापडतो.
प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याला आरशात ठेवायचं. मागचा दिसेना की वेग कमी. असं केलं की पुढच्यापर्यंत आपोआप निरोप जातो, आरडाओरडा नको. हेल्मेटच्या टाळूवर हात मारला की पुढे पोलीस, टाकीवर हात ठेवला की पेट्रोल संपतंय.

बुलेटप्रूफ
म्हणजे मी दिवसभर टाकीवर हात ठेवूनच चालवायचं.

रेबेलवाली
लगेच मागची जागा माझी. दोन वर्षं झाली शिकून, सगळ्यात कमी अनुभव माझाच, लाज कसली. मला डांबराच्या सापांची भीती वाटते, म्हणजे रस्त्याला पडलेल्या भेगा बुजवलेल्या डांबराच्या रेषा. दुपारी मऊ होतात आणि वळणात मागचं चाक बोटभर सरकतं. बोटभरच, पण पोटात कसंतरी होतं.

फटफटी
तिथे ब्रेक नाही, जोरात रेस नाही, हँडल सैल सोडायचं. गाडी स्वतःच सरळ होते. तुम्हाला माहीत असणारच, इतरांसाठी लिहिलं.

ताम्हिणी
एक शंका. मी नोव्हेंबरात फिनिक्सला कामासाठी येतोय. भाड्याने बाईक मिळेल का? माझ्याकडे इथलं कारचं आणि गिअरवाल्या दुचाकीचं लायसन्स आहे.

मेसाकाका
मिळते, पण लायसन्सवर मोटारसायकलची नोंद आहे का ते बघतात. इंटरनॅशनल परमिटवरही ती नोंद आणि शिक्का आहे ना, बघून घ्या. नुसत्या कारच्या लायसन्सवर चालवून काही झालं तर विमा हात वर करतो. हेल्मेटची ॲरिझोनात मोठ्या माणसाला सक्ती नाही, म्हणून इथे लोक डोक्याला रुमाल बांधून फिरतात. तुम्ही पुणेकर आहात, हेल्मेटविरोधी आंदोलन तिकडेच सोडून या.

ताम्हिणी
हा टोला अनावश्यक होता. (पण घेतला.)

आगाऊ
एवढं सगळं करताय तर जेकब लेकहून नॉर्थ रिमला का जात नाही? ग्रँड कॅन्यन टाळून कॅन्यनची राईड म्हणजे पंढरपूरला जाऊन फक्त चुरमुरे घेऊन येणं.

मेसाकाका
जाऊन येऊन जवळपास नव्वद मैल वाढतात. शिवाय २०२५ च्या जुलैत ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलं. आम्ही २००८ मध्ये त्याच्या व्हरांड्यात लाकडी खुर्च्यांवर बसून सूर्यास्त पाहिला होता, आईसोबत. आई म्हणाली होती, एवढा मोठा खड्डा बघायला एवढ्या लांब आणलंस, पण वारा छान आहे. आता काय उघडं, काय बंद, ते पार्कच्या साइटवर बघूनच ठरवा.

कोयनाकाठ
काका...
त्या पठारावर संध्याकाळी हरणंही रस्त्यावर येतात. कैबाबचं जंगल आहे ते. फिनिक्सला टी-शर्टात घाम येत असतो आणि जेकब लेकला, जवळजवळ आठ हजार फुटांवर, ऑक्टोबरात सूर्य कलला की दात वाजतात. आतला स्वेटर व्हॅनमध्ये नको, बाईकवरच हवा. व्हॅन फोटो काढत असेल.
पाऊस असेल तर एक करा. कोरड्या ओढ्यात पाणी दिसलं तर कितीही उथळ वाटो, उतरू नका. १९९७ च्या ऑगस्टमध्ये पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा पर्यटक वाहून गेले, आणि पाऊस पडला होता मैलोगणती वर. आपल्याकडे पावसाळ्यात सांदण दरीत उतरू नका म्हणतात ते याचसाठी. ॲरिझोनात अडथळे लावलेल्या पाण्यात गाडी घातली तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करायचा कायदा आहे, आणि लोक त्याला सरळ मूर्ख वाहनचालक कायदा म्हणतात.

दशमी
मूळ प्रश्नाचं काय झालं? रविवारचं?

नाना_टेंपेकर
तेच म्हणतोय. माझा प्रस्ताव: शुक्रवारी संध्याकाळी ज्याला जमेल तसं फ्लॅगस्टाफ गाठा. शनिवारी तिथून कनॅब दोनशे मैल, आरामात. पूल, कॉन्डॉर, धोंड्यांच्या खोल्या, कुकीज सगळं होतं. रविवारी कनॅब, पेज, फ्लॅगस्टाफ दोनशेदहा, आणि पुढे घर. झायन सोडा.

फटफटी
झायन सोडायला मन होत नाही. १९३० चा बोगदा, मैलाहून लांब, डोंगराच्या पोटातून. आत दिवे नाहीत, मधेच खडकाला पाडलेल्या खिडक्यांतून लाल उजेड येतो. (काळा चष्मा किंवा काळी काच असेल तर बोगद्याच्या आधी काढा. मी एकदा विसरलो होतो. पहिले पाच सेकंद पुढच्याच्या लाल दिव्याशिवाय काही दिसत नव्हतं.)

रेबेलवाली
दुसरा सोमवार कोलंबस डे आहे ना? ज्यांना सुट्टी आहे ते रविवारी झायन करून दुसरा मुक्काम कनॅबला करतील आणि सोमवारी परत. बाकीचे रविवारीच परत. भांडण कशाला?

नाना_टेंपेकर
आयटीवाल्यांना कोलंबस डेची सुट्टी नसते हो. पण बरोबर आहे. मी निवृत्त आहे, मी झायन.

वाळवंटी_उंट
ठरलं मग. शुक्रवारी रात्री फ्लॅगस्टाफ. शनिवारी सकाळी आठला निघणार. नाना पुढे, रेबेलवाली दुसऱ्या, फटफटी शेवटी. बुलेटप्रूफच्या टाकीप्रमाणे थांबे. रविवारी दोन गट: झायनवाले पाच, घरवाले चार. घरवाल्यांनी फ्लॅगस्टाफ दुपारी तीनच्या आत सोडायचं, नाहीतर तिथेच राहायचं. सगळ्या वेळा ॲरिझोनाच्या, मनगटी घड्याळ लावा. शनिवारी कनॅबच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी पाचपर्यंत सगळे.
आणि बायकोने धागा वाचला. बोटीच्या विषयावर सविस्तर बोलणं झालं. तीही येतेय, माझ्या मागच्या सीटवर नाही, व्हॅनमध्ये. म्हणाली, निदान तिथे नकाशा माझ्या हातात असेल.

बुलेटप्रूफ
मी रविवारी परत. सोमवारी मीटिंग आहे. टाकीवर हात ठेवून येईन.

व्हॅनवाला
नमस्कार. आजच सदस्य झालो. वरच्या रेबेलवालीचा नवरा. तीन प्रश्न आहेत. धपाटे माणशी किती धरायचे? पेट्रोलचा डबा आणि दह्याचा डबा एकाच बाजूला ठेवला तर चालेल का? आणि कनॅबला पाच म्हणजे युटाचे सहा ना?

दशमी
माणशी चार. डबे एका बाजूला अजिबात नको.

कोयनाकाठ
हो, युटाचे सहा. पण तुम्ही फोटो काढत येणार म्हटल्यावर सात धरतो.